डाग राहिला नाही, म्हणून औषध लागू पडले?

‘भाजल्यावर लगेच काय लावावे?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्याची उत्तरेही घरोघरी तयार असतात. तूप, खोबरेल, हळद, कोरफडीचा गर, किसलेला बटाटा, मध, भिजवलेली कणीक, टूथपेस्ट, बर्फ, एवढेच काय तर दौतीतली निळी शाईसुद्धा. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिनदर्शिकांच्या पाठीमागची पाने आणि घरगुती उपचारांची पुस्तके ही यादी वर्षानुवर्षे छापत आली आहेत. यादीच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते : ‘यामुळे डागही राहत नाही.’ या लेखात आम्हाला तपासायचे आहे ते हे वाक्य.

वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्यावर विश्वास ठेवून माणसे भाजल्यानंतरची पहिली, सर्वात मोलाची मिनिटे डबे आणि ट्यूबा शोधण्यात घालवतात. शिवाय त्यात तर्काची एक चूक आहे आणि ती विज्ञान शिकवणाऱ्याने ओळखलीच पाहिजे.

आधी त्वचेत काय घडते ते पाहू. आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी कागदासारखी पातळ, सुमारे ०.१ मिलिमीटर. तिच्याखालची अंतस्त्वचा साधारण १ ते २ मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. केसांच्या मुळांना आणि घामाच्या नळ्यांना बाह्यत्वचेच्याच पेशींचे अस्तर असते. वरचा थर जळाला तरी खाली बुडी मारून बसलेल्या या पेशी वाढतात, पसरतात आणि जखम झाकतात. म्हणून तव्याचा हलका चटका आठवड्याभरात मागमूस न ठेवता जातो. फोड आलेली, ओलसर गुलाबी आणि फार दुखणारी जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. पण भाजणे खोलवर गेले आणि ही मुळेच नष्ट झाली, की नवी त्वचा फक्त कडांकडून सरकत येऊ शकते. तिला वेळ लागतो. तेवढ्या वेळात शरीर ती जागा कोलॅजेनच्या तंतूंनी भरून काढते. हाच व्रण.

म्हणजे व्रण राहणार की नाही, हे मुख्यतः भाजण्याच्या खोलीवर ठरते. डाईच आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मुलांच्या आणि प्रौढांच्या भाजलेल्या जागांचा पाठपुरावा करून याला आकडे दिले. १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जागांपैकी सुमारे एकतृतीयांश जागी उंचवट्याचे व्रण आले. भरायला २१ दिवसांहून अधिक लागले, तिथे हे प्रमाण ७८ टक्क्यांवर गेले. दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या जखमांत असे व्रण क्वचितच दिसतात.

आता पुन्हा त्या वाक्याकडे वळू. घरात होणारे बहुसंख्य चटके वरवरचे असतात. ते काहीही लावले तरी, किंवा काहीच न लावले तरी, व्रण न ठेवता बरे होतात. ज्या घरात शाई लावतात तिथे श्रेय शाईला मिळते आणि ज्या घरात तूप लावतात तिथे तुपाला. उपाय परस्परविरुद्ध आणि यश मात्र सर्वांना सारखेच, असे दिसले की समजावे, यश उपायाचे नाही. ‘यानंतर झाले, म्हणून यामुळे झाले’ ही ती चूक. चटका खोल असला आणि व्रण राहिला, तर ‘लावायला उशीर झाला’ असे म्हणायची सोय असतेच. कधीही न हरणारा दावा म्हणजे न तपासलेला दावा.

डाग आणि व्रण यांतला गोंधळही या सल्ल्यांच्या पथ्यावर पडतो. जखम भरल्यावर तिथली त्वचा काही काळ काळसर किंवा फिकट दिसते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर हा फरक अधिक उठून दिसतो. हा रंगातला बदल आहे. तो अनेकदा काही महिन्यांत आपोआप निवळतो. व्रण हा रचनेतला बदल आहे. तो मऊ होतो, फिका पडतो, पण पुसला जात नाही. डाग घालवण्याची मलमे रंगाच्या आपोआप निवळण्याचे श्रेय घेतात आणि व्रण घालवण्याचे आश्वासन देतात. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळीतले तेल व्रणावर चोळावे, हा असाच एक लोकप्रिय सल्ला. १९९९ साली १५ रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या व्रणांवर एक छोटा प्रयोग झाला. व्रणाच्या एका भागावर नुसते मलम, दुसऱ्या भागावर तेच मलम ‘ई’ जीवनसत्त्व घालून. ९० टक्के व्रणांत जीवनसत्त्वाने काही फरक पडला नाही किंवा दिसणे बिघडले. एकतृतीयांश रुग्णांना त्वचेवर पुरळ, खाज यांचा त्रास झाला. प्रयोग लहान होता, पण त्याची रचना वर्गात सांगण्याजोगी आहे : एकाच माणसाचा, एकच व्रण, दोन भाग आणि एकच फरक.

तर मग घरी करण्यासारखे काहीच नाही का? आहे आणि ते फार मोठे आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी दाखवले की त्वचेची हानी तापमान आणि वेळ या दोन्हींवर ठरते. ४४ अंश सेल्सिअसला हानी व्हायला सुमारे सहा तास लागतात, तर ६० अंशांना सुमारे पाच सेकंद पुरतात. पुढे १९५३ साली इंग्लंडमध्ये जॅक्सन यांनी भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. मध्यभागी मेलेला भाग, बाहेर नुसता लालसर झालेला भाग आणि दोहोंच्या मध्ये रक्तप्रवाह मंदावलेला, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही असा भाग. हा मधला पट्टा पुढच्या एकदोन दिवसांत वाचतो किंवा मरतो. तो मेला की जखम खोल होते. व्रणाचा निकाल इथे लागतो.

या पट्ट्याला वाचवणारी घरातली सर्वात भरवशाची वस्तू म्हणजे पाणी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या प्रथमोपचाराच्या सूचना सांगतात : थंड वाहते पाणी, २० मिनिटे, भाजल्यानंतर तीन तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो. तीन तासांनी जखमेत चुलीची उष्णता उरलेली नसते हे उघड आहे. म्हणजे पाण्याचे काम नुसती उष्णता काढून नेणे एवढेच नाही. थंडाव्याने पेशींची पुढची पडझड आणि सूजही कमी होते. ब्रिस्बेनमधल्या २,४९५ भाजलेल्या मुलांची माहिती २०२० साली प्रसिद्ध झाली. ज्यांना २० मिनिटे वा अधिक वेळ वाहते पाणी मिळाले होते, त्यांच्यात त्वचारोपण करावे लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. इतके बळ असलेला दुसरा घरगुती उपाय आम्हाला माहीत नाही. तरीही उपायांच्या यादीत पाणी नसते किंवा ‘पाण्याने धुऊन मग लावावे’ एवढ्यापुरतेच असते.

इथे विज्ञानाची बाजू घेणाऱ्या लेखांवरही एक टीका केली पाहिजे. ‘तूप लावल्याने उष्णता कोंडली जाते’ असे त्यांत ठासून लिहिलेले असते. तुपाचा पातळ थर फार उष्णता कोंडू शकत नाही. वर्गात उकडलेले तीन गरम बटाटे घ्यावेत : एक नुसता, एक तूप चोपडलेला, एक नळाच्या धारेखाली धरलेला. दर मिनिटाला सालीखाली तापमापी खुपसून पाहावी. पाण्यातला बटाटा कितीतरी आधी निवतो. उरलेल्या दोघांतला फरक त्यापुढे किरकोळ ठरतो. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २३ पट असते आणि वाहते पाणी उष्णता सतत दूर नेते. तुपाचा खरा दोष वेगळा आहे. ते लावले की माणूस स्वस्थ बसतो आणि पाणी राहून जाते. शिवाय तूप, कणीक निर्जंतुक नसतात. शाई, हळद आणि टूथपेस्ट यांनी जखमेचा रंग झाकला जातो. डॉक्टरांना खोलीचा अंदाज रंगावरूनच घ्यायचा असतो. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि मधल्या पट्ट्याचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. चूक दाखवताना आपले कारणही बरोबर असायला हवे.

बटाटा आणि मध यांच्याबद्दल मात्र न्यायाने बोलायला हवे, कारण त्यांच्यामागे महाराष्ट्रातलेच काम आहे. मुंबईत डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांसाठी वापरून पाहिली. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांचे दोन गट करून मधाची तुलना सिल्व्हर सल्फाडायझिन या रूढ मलमाशी केली आणि मध सरस ठरला. पुढच्या आढाव्यांत हे मलमच जखम भरायला उशीर लावते असे दिसले. त्यामुळे या तुलनेतला मधाचा विजय थोडा बेताने घ्यावा लागतो. तरीही भाजण्यावर मध काही रूढ पट्ट्यांपेक्षा लवकर गुण देतो, असे २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यातही आढळले.

पण या संशोधनाचा सल्ला होताना काय उरते पाहा. रुग्णालयातली साल उकडलेली, कापडावर चिकटवलेली आणि निर्जंतुक केलेली होती. पुरवणीत तिचा ‘कच्चा बटाटा किसून चोळा’ झाला. केळीचे पानही निर्जंतुक केलेले होते. साल आणि पान यांत जादूचा रस नव्हता. जखम ओली ठेवायची, झाकायची आणि पट्टी काढताना नवी त्वचा सोलली जाऊ द्यायची नाही, हे त्यांचे काम. ओल्या जखमेवर नवी त्वचा लवकर पसरते, हे विंटर यांनी १९६२ सालीच दाखवले होते. संशोधकांनी गरीब रुग्णाला परवडणारे आच्छादन शोधले. लोकप्रिय लेखनाने आच्छादन विसरून बटाटा तेवढा लक्षात ठेवला. शिवाय यांपैकी कोणतीही पट्टी पाण्याच्या बदल्यात सुचवलेली नव्हती.

पाण्याच्या सल्ल्यातही एक अडचण आहे आणि ती परदेशी सूचनांच्या लक्षात येत नाही. नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला सहा लिटरच्या हिशेबाने २० मिनिटांत १२० लिटर पाणी जाते. टँकरवर जगणाऱ्या गावात हे कोण करील? पण मिनिटाला एक तांब्या अशी बारीक धार धरली, तर एक मोठी बादली पुरते. खाली घमेले ठेवले तर ते पाणी झाडांना घालता येते. मे महिन्यात टाकीचे पाणी तापलेले असते. तेव्हा माठातले घ्यावे. तेवढेही नसेल तर ओले स्वच्छ फडके वारंवार बदलावे. वाहत्या पाण्याइतके नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. लहान मूल असेल तर भाजलेली जागा तेवढी भिजवावी आणि बाकीचे अंग पांघरुणात उबदार ठेवावे.

बाकीचे थोडक्यात. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. पाण्यानंतर स्वच्छ, न चिकटणारी पट्टी सैल बांधावी. भाजलेल्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा (बोटांसह, हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का) मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये यांवरची जखम, पांढरट वा करपलेली आणि न दुखणारी जखम, वीज किंवा रसायन यांमुळे झालेली जखम, लहान मूल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम : या सर्वांत डॉक्टर हवेतच. धनुर्वाताच्या लशीचेही त्यांनाच विचारावे. जखम भरल्यावर नव्या त्वचेला उन्हापासून जपावे आणि साधे मलम किंवा तेल हलक्या हाताने लावून ती मऊ ठेवावी. तेलाची खरी जागा ही : तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या मिनिटात नव्हे.

शाळांसाठी एक सूचना. मुलांना घरातले उपाय विचारून फळ्यावर यादी करा. प्रत्येक उपायासमोर दोन प्रश्न लिहा : हा उपाय केला नसता तर काय झाले असते? आणि ते आपल्याला कसे कळेल? आजीची चेष्टा होऊ देऊ नका. तिने जे पाहिले ते खरेच होते, कारण तेवढे दुसरेच निघाले. प्रथमोपचाराचा तक्ता बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत, पेटीच्या वर टांगलेला असतो. ‘भाजल्यास आधी २० मिनिटे पाणी, मग बाकीचे’ एवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहून ती प्रयोगशाळेतल्या आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातल्या नळाशेजारी लावावी. भाजलेला हात तिथे आधी पोचला पाहिजे.