हमीदचा चिमटा आणि ईदचा संदेश

आज आपण प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेविषयी बोलू. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल. तिथे ती ‘समजूतदार मुलाची गोष्ट’ म्हणून शिकवली जाते. आमच्या मते हे वाचन अपुरं आहे.

कथा सुरू होते ती रमजानचे तीस रोजे संपल्यानंतरच्या सकाळी. हमीद चार-पाच वर्षांचा. बाप पटकीने गेला, पाठोपाठ आईही गेली. पण हमीदला एवढंच ठाऊक आहे, की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. म्हणजे बघा, या मुलाच्या लेखी ही दूर गेलेल्या माणसांची ईद आहे. तो वाट बघतो आहे. ती माणसं यायची नाहीत, हे फक्त आजी अमीनाला आणि वाचकाला माहीत.

‘अब्बा पैसे कमवायला गेलेत’ हे वाक्य आपल्या कोकणातल्या किती घरांत आजही अक्षरशः खरं आहे! रत्नागिरी-रायगडातल्या मुसलमान कुटुंबांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला जातात. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. चिपळूणला इफ्तार आटोपतो तेव्हा तिकडे सूर्य अजून वर असतो. चंद्रदर्शनाच्या फरकामुळे तिकडची ईदही बहुधा एक दिवस आधी येते. मुलगा ‘ईद मुबारक’ म्हणतो, त्या घटकेला आईचा शेवटचा रोजा चालू असतो. अंतर म्हणजे काय, ते इथे कळतं.

हे अंतर आता फोन भरून काढतो. चंद्रकोर, कंदील, सोनेरी अक्षरं असं तयार चित्र दोनशे जणांना एका बोटाने जातं. यावर नाकं मुरडणारे म्हणतात, पूर्वीची पत्रं खरी, हे सगळं खोटं. आम्हाला हे पटत नाही. ईदकार्डांवरचा मजकूरही छापीलच असायचा की! तयार शब्द वापरल्याने शुभेच्छा खोटी होत नाही. मुळात शुभेच्छा ही खरी-खोटी ठरवायची गोष्टच नव्हे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हे नीट उलगडून दाखवलं. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काहीतरी करतात. ती फसू शकतात, पोकळ राहू शकतात. ‘मुबारक’ या शब्दात ‘बरकत’ आहे, म्हणजे ही एक दुआ आहे. आणि दुआ कुणासाठी तरी करावी लागते. दोनशे जणांना एकदम पाठवलेल्या चित्रात हा ‘कुणासाठी’ कुठे सापडतो?

इथे हमीद मदतीला येतो. त्याच्याकडे फक्त तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. तो लोखंडी चिमटा घेतो. का? तव्यावरून पोळ्या उतरवताना आजीची बोटं भाजतात, हे त्याने पाहिलेलं आहे. भेटीची किंमत या पाहण्यात आहे. जत्रेतल्या हजारो बायकांना तो चिमटा उपयोगी पडला असता, पण घेतला गेला तो एका माणसाच्या बोटांसाठी.

कथेत दोष नाहीत असं नाही. चिमटा कसा श्रेष्ठ, हे हमीद सवंगड्यांना पटवून देतो तेव्हा मुलाच्या तोंडून लेखकच वकिली करताना ऐकू येतो. त्यागाचं कौतुकही जरा जास्त झालंय. पण भाजलेली बोटं तेवढी खरी आहेत, आणि कथा त्यांच्यावर उभी आहे.

कुणी विचारेल, बारा-बारा तास राबणाऱ्या कामगाराने रात्री सविस्तर काय लिहायचं? रास्त प्रश्न आहे. त्याच्या एका बोटाच्या स्पर्शातही पुष्कळ असतं, आणि ते घरच्यांना कळतं. आमचा रोख आहे तो आपल्यासारख्या निवांत लोकांवर. ‘अम्मी, गोळ्या सहेरीला आठवणीने घेतेस ना?’ हेही त्याच फोनवरून जातं, आणि तो चिमटाच असतो. शेजारच्या रोजेदाराला आपणही ‘रमजान मुबारक’ पाठवतो. त्याच्या घरी यंदा कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा परतलेला नाही, हे आपल्याला माहीत असतं का? ईदच्या नमाजाआधी गरिबाचा फित्रा देऊन टाकायचा असतो. आधी समोरच्याची गरज, मग सण. हा क्रम शुभेच्छेलाही लागू करायला काय हरकत आहे?

कथेच्या शेवटी अमीना आधी रागावते, कारण पोराने दुपारपर्यंत काही खाल्लेलं नाही. मग ती रडते आणि पदर पसरून त्याला दुआ देत राहते. हमीदला त्यातलं काही कळत नाही. त्याच्या चिमट्याला उत्तर मात्र मिळालेलं असतं. आपल्या दोनशे संदेशांना काय उत्तर येतं, ते तुम्ही फोन उघडून बघा. इथे थांबू.