मालिकेतले गाव आणि उजनीकाठचा प्रेक्षक

मराठी दैनंदिन मालिका हा रोज वीस-बावीस मिनिटांचा, जाहिरातींनी तोडलेला आणि शेवट आधी न ठरलेला कथाप्रकार आहे. सिनेमा अडीच तासांत संपतो, नाटक तीन तासांत. मालिका तीनशे भागांत आटोपली तर ती लवकर गुंडाळली असे म्हणतात. गेल्या दशकात या कथाप्रकाराने आपला मोर्चा गावाकडे वळवला. त्यामुळे त्याची आजची अवस्था तपासायची तर मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्याइतकेच गावातले पुढचे दारही महत्त्वाचे ठरते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि माढा तालुक्यांत उजनी धरणाच्या काठी वसलेली गावे त्यासाठी सोयीची आहेत. मराठी सिनेमाला या पट्ट्याने एक नवी बोली दिली, आणि मालिकांमधले गाव याच पट्ट्यात रोज संध्याकाळी पाहिले जाते.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा. यशवंतसागर नावाच्या या जलाशयाच्या फुगवट्यात अनेक गावे बुडाली आणि वरच्या अंगाला नव्याने वसली. केत्तूर नंबर १ आणि २, वांगीचे एकाहून अधिक नंबर ही नावे त्या स्थलांतराची खूण आहेत. नव्या गावठाणांत रस्ते सरळ आणि प्लॉट आखलेले. जुने वाडे, वेशी आणि पार पाण्याखाली राहिले. पाण्यामुळे ऊस आला, पुढे केळी आली, मासेमारी वाढली. टीव्हीही याच नव्या घरांत आला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण ग्रामीण भागात संच पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडले. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊला बाळ कर्व्यांनी पडद्यावर आणले, तो मराठी मालिकेचा आरंभकाळ बहुतांशी शहराने पाहिला. गावाने सामूहिकपणे पाहिल्या त्या १९८७ पासूनची ‘रामायण’ आणि त्यानंतरची ‘महाभारत’ या हिंदी मालिका. गल्लीत एखादाच संच, कौलांवर किंवा पत्र्यावर अँटेना, आणि चित्राला मुंग्या आल्या की ती फिरवायला वर चढलेले पोर, असे त्या पाहण्याचे रूप होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवरच्या ‘दामिनी’ने रोजच्या मालिकेची सवय लावली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी ही आजची झी मराठी सुरू झाली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली आणि मालिकेचा संसार पक्का झाला.

या पहिल्या पर्वाचे नायक-नायिका शहरी मध्यमवर्गातले होते. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी ही शिकलेली, कमावती स्त्री होती आणि तिच्या नवऱ्याच्या वागण्याचा हिशेब मालिका संयमाने मांडत होती. ‘वादळवाट’मध्ये पत्रकारिता आणि राजकारण होते. या मालिकांत माणसे कामावर जात, वर्तमानपत्र वाचत, एकमेकांशी मतभेद ठेवून बोलत. ई टीव्हीच्या ‘चार दिवस सासूचे’ने दुसरी वाट रुळवली. २००१ ते २०१३ या काळात तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतकी वर्षे कथा चालवायची तर घराबाहेर जाण्याची गरज उरत नाही, हा धडा सगळ्या वाहिन्यांनी तिच्यापासून घेतला. सून, सासू, देवघर आणि जिना एवढ्या सामग्रीवर मालिका वर्षानुवर्षे उभी राहू शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर लेखकांच्या हातून काम, पैसा आणि शेजार या तिन्ही गोष्टी हळूहळू सुटत गेल्या.

गावाकडचे वळण २०१६ मध्ये आले. त्यामागे कलेइतकेच मोजमापाचे कारण आहे. आधीची टीआरपीची पद्धत फक्त शहरी घरे मोजत असे. बार्क या नव्या यंत्रणेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडेही द्यायला सुरुवात केली आणि गावातला प्रेक्षक प्रथमच हिशेबात आला. दर गुरुवारी येणाऱ्या आकड्यांवर मालिकेचे आयुष्य ठरत असल्याने हा बदल लगेच पडद्यावर उतरला. २०१६ मध्येच सिंधुदुर्गातली ‘रात्रीस खेळ चाले’, वऱ्हाडी बोलणारी राधिका असलेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि कोल्हापूरच्या तांबड्या मातीतली ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाल्या; २०१७ मध्ये साताऱ्याची ‘लागिरं झालं जी’ आली. कलर्स मराठीने ‘जीव झाला येडापिसा’ आणि ‘राजा रानीची गं जोडी’ या मालिकांतून सांगलीकडचा मुलूख घेतला.

या लाटेतले सर्वांत चांगले काम स्थानिक माणसांच्या हातून झाले. ‘लागिरं झालं जी’चे लेखक तेजपाल वाघ वाईचे, सैन्यात जाण्याची साताऱ्याची परंपरा त्यांना घरची होती. मालिकेतली जिजी रंगवणाऱ्या कमल ठोके निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे उखाणे, टोमणे आणि पदर खोचून बसणे यांत अभिनयशाळेचा वास नव्हता. भरतीसाठी पळणारी पोरे, उंची-छातीची मापे, सुट्टीवर आलेला जवान या गोष्टी उजनीकाठच्या घरांनाही ओळखीच्या असल्याने ती मालिका इथे आपली वाटली. उत्तरार्धात तिलाही कटकारस्थानांचाच आधार घ्यावा लागला, पण पहिल्या वर्षाचा तिचा ताजेपणा या प्रकारातला मापदंड आहे.

बोलीच्या बाबतीत मात्र बहुतेक मालिकांनी सोपा मार्ग धरला. ‘आहे’चे ‘हाय’, ‘नाही’चे ‘न्हाय’, अधूनमधून ‘म्या’ आणि ‘लई’, आणि जिथे ‘ण’ असेल तिथे ‘न’ अशा घटकांची एक सर्वसाधारण ग्रामीण भाषा तयार झाली. ती कोल्हापूरलाही चालते, साताऱ्यालाही आणि मराठवाड्यालाही. म्हणजे ती कुठलीच नसते. करमाळ्याच्या माणसाचे बोलणे शब्दांपेक्षा हेलावरून ओळखू येते. वाक्याचा शेवट कुठे ओढायचा, प्रश्न विचारताना आवाज कुठे चढवायचा हे शब्द बदलून साधत नाही.

या भागाची बोली ठळकपणे ऐकू आली ती सिनेमातून. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, ‘फँड्री’ आणि २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘सैराट’ या क्रमाने तिला पडद्यावर प्रतिष्ठा दिली. ‘सैराट’चे चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले, नायिका अकलूजची शाळकरी मुलगी होती. मराठी सिनेमाच्या उत्पन्नाचे तोवरचे आकडे त्याने मागे टाकले. मालिकांनी त्यातून मोकळे शिवार, बुलेट आणि धाडसी नायिका उचलली. त्या चित्रपटांचा कणा असलेला जातीचा प्रश्न मात्र घेतला नाही. मालिकेतल्या गावात आडनावे असतात, पण ती नावे कोणत्या आळीत राहतात हे कळत नाही. वाडा पाटलाचा किंवा सरकारांचा. शेतमजूर आला तर निरोप्या म्हणून. मंजुळे स्वतः टीव्हीवर आले ते २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’चे सूत्रसंचालक म्हणून, आणि स्पर्धकांशी त्यांनी केलेल्या गप्पांत ग्रामीण माणूस अनेक मालिकांपेक्षा खरा दिसला.

मालिका कशी पाहिली जाते, याचाही तिच्या घडणीवर परिणाम होतो. संध्याकाळी साडेसातला उजनीकाठच्या घरात टीव्ही पुढच्या खोलीत असतो आणि बाई आत. धार काढून दूध डेअरीला गेलेले असते, तव्यावर भाकरी असते, एक हात पिठात आणि कान बाहेर. पडद्यावर काय चालले आहे हे तिला आवाजावरून कळावे लागते. त्यामुळे प्रत्येक पात्र समोरच्याला नावाने हाक मारते, घडलेली गोष्ट पुन्हा सांगते, आणि धक्क्याच्या जागी तीनदा वाद्ये वाजतात. ज्या पुनरुक्तीला समीक्षक हसतात, ती निम्मी या ऐकणाऱ्या प्रेक्षकासाठी आहे. दोष पुनरुक्तीचा नसून तिच्या वापराचा आहे. कीर्तनकारही एकच अभंग पाच वेळा म्हणतो, पण दरवेळी अर्थ पुढे सरकतो; मालिकेत त्याच वाक्याने फक्त मिनिटे भरतात.

वेळ थांबवण्याची ही सवय मालिकेचा मूळ दोष आहे. रोज येणाऱ्या कथेला ऋतू दाखवता येतो, पीक वाढताना दाखवता येते, माणूस म्हातारा होताना दाखवता येतो. मराठी मालिका सण तेवढे पाळते: गुढीपाडवा, वटपौर्णिमा, गणपती, दिवाळी कॅलेंडरप्रमाणे येतात, पण दोन सणांमधली पेरणी, लागण किंवा तोडणी येत नाही. उजनीकाठी काळ पाण्याने मोजला जातो. ‘धरण किती टक्के?’ हा पारावरचा रोजचा प्रश्न असतो. जिवंत साठा संपला की टक्केवारी उण्यात जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले. पाणी मागे हटते तशा काठावरच्या मोटारी पुढे सरकवाव्या लागतात, पाइप वाढवावे लागतात, केबल जोडावी लागते, गाळात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावे लागते. थ्री फेज लाईट रात्रीची असेल तर बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते. कर्ज, भांडण, भीती आणि विनोद यांनी भरलेला हा रोजचा मजकूर मालिकेच्या शेतकरी नायकाला ठाऊक नसतो. तो शेतात प्रामुख्याने प्रेमात पडायला जातो.

विस्थापनाचेही तसेच आहे. मालिकेला वाडा फार प्रिय. या काठच्या लोकांचे वाडे पाण्यात गेले आणि कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्यांचे चौथरे उघडे पडतात. बुडालेले गाव, नंबर पडलेले नवे गाव आणि त्यांच्यामधली दोन पिढ्यांची माणसे हा शेकडो भागांना पुरेल असा विषय अजून मोकळाच आहे. त्याऐवजी स्टार प्रवाहसारख्या आघाडीच्या वाहिनीने परभाषेत यशस्वी झालेल्या मालिकांची रूपांतरे करण्यावर भर दिला. २०१९ ते २०२४ चाललेली ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, तर ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. पहिलीने घटस्फोटित, मध्यमवयीन गृहिणीला नायिका केले आणि गावातल्या बायकांनाही त्यात बोलायला विषय मिळाला, हे तिचे श्रेय. पण रूपांतरात प्रदेश गळून पडतो. ती घरे कोणत्याही शहरात असू शकतात.

देवादिकांच्या आणि संतांच्या मालिकांचे नाते या प्रेक्षकाशी वेगळे आहे. ‘जय मल्हार’ने खंडोबाची कथा २०१४ ते २०१७ या काळात चमकदार दृश्यांतून मांडली. २०१८ पासूनच्या ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ने धनगरी जीवनाला रोजच्या पडद्यावर जागा दिली. घोंगडे, काठी, मेंढरे, पावसामागे फिरणे या गोष्टी तोवर टीव्हीवर क्वचितच दिसत. बाळूमामांच्या मेंढरांचा बग्गा शिवारात उतरला की आरतीला गर्दी करणारा माणूसच रात्री ती मालिका पाहतो. कलाकृती म्हणून तिची मर्यादा अशी, की चमत्कार ठरलेला असल्याने संकटाला धार येत नाही. तरीही कथेत काम आणि भटकंती असल्याने ती अनेक कौटुंबिक मालिकांपेक्षा कमी कोंदट आहे.

विनोदी कार्यक्रमांची प्रकृती त्या मानाने निरोगी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने ग्रामीण हेल असलेल्या नटांना मध्यभागी आणले, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने प्रहसनाची लांबी आवाक्यात ठेवून लेखनाला महत्त्व दिले. वगातल्या सोंगाड्याची हजरजबाबी परंपरा तिथे बऱ्यापैकी टिकून आहे. मोडनिंबच्या कलाकेंद्रांच्या आणि अकलूजच्या लावणी स्पर्धांच्या या मुलखाला ती परंपरा सांगावी लागत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रेक्षक पुन्हा विभागला. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीगणिक पैसे मोजायची पद्धत लागू झाली, तेव्हा काही घरे दूरदर्शनच्या फ्री डिशकडे वळली. मोठ्या सशुल्क मराठी वाहिन्या तिथे सहसा नसतात. तरुण पिढी तर मोबाईलवरच गेली. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींनी यूट्यूबवर चालवलेली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ याच काळातली. खरी गल्ली, खरे कपडे, खरी बोली आणि ग्रामपंचायतीपासून उधारीपर्यंतचे विषय ही तिची ताकद. शेवटी बोध सांगण्याचा सोस ही मर्यादा. त्याच तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींमुळे गाजला आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा हंगाम जिंकला. गावाकडून थेट आलेला चेहरा वाहिनीला हवासा वाटतो, हे त्यातून दिसले. तो चेहरा स्पर्धक म्हणून आला. कथेचा लेखक म्हणून गावातल्या माणसाला बोलावणे अजून दुर्मीळ आहे.

एकंदरीत ग्रामीण मराठी मालिकेने दहा वर्षांत गावाचा पेहराव, निम्मीअर्धी बोली आणि काही उत्तम नट मिळवले. वर्षाचे ऋतू, हाताचे काम आणि जातीचा शेजार या तीन गोष्टी तिला मिळवायच्या राहिल्या आहेत. त्यासाठी पैसा वाढवण्याची गरज नाही. शंभर-सव्वाशे भागांत संपणारी, आधी पूर्ण लिहिलेली कथा आणि त्या मुलखातला एक तरी लेखक एवढे पुरेल. ‘लागिरं झालं जी’च्या पहिल्या वर्षाने ते दाखवून दिले आहे. तोवर उजनीकाठची बाई भाकरी उलटताना मालिका ऐकत राहील, आणि धरणाचा आकडा कळायला नऊनंतर बातम्यांची वाहिनी लावील.