वेळूची व्याख्या : वनकायद्यातील एका शब्दाची चिकित्सा

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या दुसऱ्या कलमात ‘झाड’ या संज्ञेत ताड-माडाची जात, बांबू, खुंट, झाडोरा आणि वेत यांचा समावेश केलेला होता. वनस्पतिशास्त्र बांबूची गणना तृणकुलात करते. मराठी भाषकही बांबूचे ‘बेट’ म्हणतो. आंब्याप्रमाणे त्याचे एकेक झाड मोजीत नाही. यावरून ही व्याख्या केवळ अज्ञानमूलक होती, असा समज रूढ झाला आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

व्याख्येचे दोन प्रकार असतात. एक शब्दाचा अर्थ सांगतो, तर दुसरा नियमाची कक्षा आखतो. ‘समावेश होतो’ हे क्रियापद दुसऱ्या प्रकारचे द्योतक आहे. त्याच कलमानुसार झाड पडले किंवा तोडले की त्याचे ‘इमारती लाकूड’ होते, आणि असे लाकूड वनात सापडलेले असो वा नसो, ते ‘वनोपज’च ठरते. गवताची गोष्ट वेगळी. ते वनात सापडले किंवा वनातून आणले, तरच वनोपज होय. साहजिकच शेताच्या बांधावरचा वेळूही तोडताक्षणी वनोपज झाला आणि कलम ४१ अन्वये त्याच्या वाहतुकीवर शासनाचे नियंत्रण आले. तात्पर्य, येथे प्रश्न जातीचा नसून अधिकाराचा होता.

वनहक्क अधिनियम, २००६ याने बांबूला ‘गौण वनोपजा’त घातले आणि पारंपरिक रीतीने गोळा होणाऱ्या अशा उपजाची मालकी वननिवासींची मानली. एकच वनस्पती एका कायद्यात झाड, तर दुसऱ्यात लाकूडेतर उपज ठरली. या विसंगतीची झळ व्यवहारात पोचली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला. हक्क होता, अडले होते ते शब्दापाशी.

नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने, व पुढे संसदेच्या कायद्याने, ‘झाड’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा एक शब्द वगळण्यात आला. शास्त्रीय चूक दुरुस्त झाली, असे तिचे स्वागत झाले. शेतकऱ्याला तिचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. तथापि वनातील बांबू गवत म्हणूनही वनोपजच राहिला. त्यावरील वननिवासींच्या मालकीला आधार आहे तो २००६ च्या अधिनियमाचाच. शिवाय दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या असता दिसते, की खुंट, झाडोरा आणि वेत हे तिन्ही शब्द १९२७ च्या कायद्यात अद्याप ‘झाड’ आहेत आणि २००६ च्या कायद्यात ‘गौण वनोपज’. झाडोरा म्हणजे झाड नव्हे, हे ठरविण्यास वनस्पतिशास्त्राचीही गरज नाही. वगळण्याची कसोटी शास्त्रीय असती, तर हे शब्द मागे राहिले नसते.

म्हणून या दुरुस्तीला शब्दशुद्धी म्हणणे युक्त नव्हे. तिने एका मालाचा एका क्षेत्रातील व्यापार मोकळा केला, इतकेच म्हणता येते. कायद्याची भाषा अभ्यासणाऱ्याने शब्दाचा अर्थ कोशात शोधून थांबू नये. त्या शब्दामुळे कोणाच्या हातातली वस्तू कोणाची ठरते, हेही पाहिले पाहिजे.