‘हरिजन’चे जुने अंक

विज्ञानविषयक लेखन कसे असावे याचा नमुना सांगा, असे शिक्षक आम्हांला अधूनमधून विचारतात. आम्ही ज्या पत्राचे नाव घेतो ते ऐकून बहुतेकजण बुचकळ्यात पडतात. हे पत्र म्हणजे ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यात सुरू झालेले गांधीजींचे इंग्रजी साप्ताहिक ‘हरिजन’. (या शब्दाला दलित समाजाने घेतलेला आक्षेप आम्हांला रास्त वाटतो. येथे तो केवळ पत्राचे नाव म्हणून येतो.) आम्ही त्याचे जुने वाचक आहोत, आणि आमचे हे प्रेम आंधळे नाही हे पुढे दिसेलच.

पत्राची छपाई वर्ध्याबाहेर होई, पण १९३५ नंतरचा पुष्कळसा मजकूर वर्ध्याचा आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत चाले. १९३६ पासून गांधीजी जवळच्या सेगावात राहू लागले. टपाल भलत्याच शेगावला जाऊ लागल्याने १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. महादेवभाई देसाई काही काळ मगनवाडीहून सेगावला रोज पायी जात-येत, आणि साप्ताहिक पत्रही लिहीत. अंकात जाहिराती नसत.

या पानांत विज्ञान कसे येते? १९३५ च्या फेब्रुवारीतील एका अंकात पालेभाज्यांवर टिपण आहे. मोहरी, शेपू, सलगम, गाजर आणि मुळा यांची पाने न शिजवता खाऊन पाहिल्याची ती हकीकत आहे. पाने कोणती आणि ती कच्चीच का खाल्ली, हे सारे दिलेले आहे. प्रयोग एकाच माणसावर झाला, तुलनेला दुसरा कोणी नाही. आजच्या कोणत्याही संशोधन पत्रिकेने ते टिपण परत पाठवले असते. पण ते वाचणाऱ्याला त्यातील उणीव शोधत बसावे लागत नाही. ती उघडी पडलेली असते, कारण केले काय ते लेखकाने लपवलेले नाही.

मैल्याच्या खताचा विषय त्याहून बोलका आहे. गुडगावचे अधिकारी ब्रेन खोल खड्डे सुचवत, तर डॉ. पूअर उथळ चर. ‘हरिजन’ने दोन्ही मते वाचकांपुढे ठेवली आणि उथळ चराचे कारणही दिले: जमिनीच्या वरच्या थरात सूक्ष्मजीव भरपूर असतात, हवा व उजेड तेथवर पोचतो, म्हणून आठवडाभरात मैल्याची माती होते. यातील कारणमीमांसेचा मोठा भाग आजही टिकतो. आठवड्याची मुदत मात्र धोक्याची आहे. जंताची अंडी ओल्या मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि दिसायला माती झाली म्हणजे ती निर्धोक झाली असे नव्हे. नववी-दहावीच्या वर्गात हा उतारा वाचून दाखवावा आणि ‘हे तपासायचे कसे?’ एवढेच विचारावे. तास पुरणार नाही.

आता आमच्या कौतुकाची खरी परीक्षा. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजी वर्ध्याहून अस्पृश्यतेविरुद्धच्या देशव्यापी यात्रेवर निघाले. ती चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे गांधीजी सभांतून सांगू लागले आणि ‘हरिजन’ने ते छापले. भूकंपाचे कारण भूगर्भात असते. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकत असतो, साठलेला ताण एकदम सुटतो, आणि त्याचा अस्पृश्यतेशी काहीही संबंध नाही. चांगल्या कामासाठी सांगितलेली चूक ही चूकच, आणि सांगणारा थोर असला तर ती अधिकच पसरते.

नेमके हेच रवींद्रनाथ ठाकुरांनी लिहिले. भौतिक आपत्तीचे मूळ भौतिक कारणांतच असते, आणि असला युक्तिवाद उद्या विरोधकही तुमच्याचवर उलटवतील, असे त्यांनी बजावले. हे पत्र १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्येच प्रसिद्ध झाले. आपल्या संस्थापकाला अवैज्ञानिक म्हणणारा मजकूर त्याच्याच पत्राने छापावा, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे. शेजारी गांधीजींचे उत्तर आहे. हा संबंध सिद्ध करता येत नाही असे ते कबूल करतात, पण श्रद्धा सोडत नाहीत. आमच्या मते या वादात रवींद्रनाथ स्वच्छ जिंकले. तरी तो निकाल आपल्याला देता येतो तो ‘हरिजन’ने दोन्ही बाजू ठेवल्या म्हणून.

एक गोष्ट मात्र खटकते. विरोधी मजकुराला जागा मिते ती बहुधा गांधीजींच्या उत्तरासकट, आणि शेवटचा शब्द त्यांचाच राहतो. पहिल्याच अंकात डॉ. आंबेडकरांनी संदेशाऐवजी दिलेले निवेदन असेच उत्तराबरोबर आले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांचे भाषण रद्द केले आणि त्यांनी ते स्वतः छापले, तेव्हा ‘हरिजन’ने जुलैच्या दोन अंकांत त्यावर लिहिले. कोणत्याही सुधारकाला हे भाषण डावलता येणार नाही, असे वाचकांना सांगितले. एवढेच नव्हे, आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असेही सुचवले! मग भाषणातील मुद्द्यांचे खंडन केले. ऑगस्टमध्ये मंडळाच्या संतराम यांचे पत्र छापले, त्यालाही उत्तर जोडले.

आंबेडकरांचे प्रत्युत्तर वाचायचे तर त्यांच्या पुस्तकाची १९३७ ची दुसरी आवृत्ती घ्यावी लागते. तिच्यात त्यांनी गांधीजींचे लेख आधी दिले आहेत आणि आपले उत्तर त्यानंतर. ‘हरिजन’चे अंक आता साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर पानोपान पाहता येतात. जुलै १९३६ चे ते दोन अंक आणि ही आवृत्ती वरच्या वर्गातील मुलांना एकत्रच द्यावी. निकाल त्यांचा त्यांना लावू द्यावा.