धक्का ओसरला, पण कुणापुरता?

पर्यटनाच्या अर्थशास्त्रात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. हल्ला, क्रांती, साथ असा धक्का बसला की परदेशी पाहुणे घटतात. ही घट तात्पुरती की टिकणारी? पद्धत अशी की वर्षानुवर्षांचे आकडे घ्यायचे, आणि ते जुन्या चालीवर परततात का हे संख्याशास्त्राच्या चाचणीने तपासायचं. परतले तर धक्का तात्पुरता. माझा आक्षेप गणितावर नाही, ‘परतले’ या शब्दावर आहे.

इजिप्त घ्या. 17 नोव्हेंबर 1997 रोजी लक्सरजवळ हतशेपसूतच्या मंदिरात 62 जणांची हत्या झाली. पर्यटक घटले, पण 1999 मध्येच आकडा पूर्वीच्या वर गेला. 2011 च्या क्रांतीनंतर मात्र तसं झालं नाही. 2010 मध्ये सुमारे 1 कोटी 47 लाख पाहुणे आले होते, 2016 मध्ये जेमतेम 54 लाख. जुना आकडा ओलांडायला 2023 उजाडलं. आता बघा, आकडे 2016 ला थांबवले तर निकाल एक, 2023 पर्यंत नेले तर दुसरा. अमेरिकेच्या आर्थिक आकड्यांवर पेरॉन यांनी 1989 मध्येच दाखवलं होतं, की मध्ये एकदा चाल मोडली असं गृहीत धरलं तर त्याच आकड्यांचा निकाल फिरतो. म्हणजे निकालाचा काही भाग आपणच आधी आत ठेवलेला असतो.

शिवाय, आकडा आपला आपण परतला का? नोव्हेंबर 2016 मध्ये इजिप्तने पौंडाचा भाव बाजारावर सोडला, तो निम्म्यावर आला. पाहुण्याला देश स्वस्त झाला, यजमानाला महाग. हीसुद्धा त्या ‘परतण्या’ची एक किंमत आहे.

बौद्ध तत्त्वज्ञ दिव्याच्या ज्योतीचा दाखला देतात. ज्योत तीच दिसते, पण क्षणोक्षणी नवी असते. पर्यटकांची एकूण संख्या तशीच. लाल समुद्रावर पोहायला आलेला आणि लक्सरची थडगी बघायला आलेला, दोघंही तिथे एकेकच मोजले जातात. मधल्या वर्षांत ज्या वाटाड्याने धंदा सोडला, तो त्या आकड्याबरोबर परत येत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. धक्का तात्पुरता ठरला, की सरकार म्हणतं, कर्ज घ्या, तग धरा. टिकणारा ठरला, तर लोकांना दुसरं काम शिकवावं लागतं. एका विशेषणापायी माणसाची दहा वर्षं जाऊ शकतात. तेव्हा कुणी ‘तात्पुरता’ म्हटलं, की दोन प्रश्न जरूर विचारा. किती वर्षांपुरता? आणि कुणापुरता?