हुबेहूब, आणि त्यानंतर

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४चा. लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून ते हुबेहूब गात, हे आपण कौतुकाने सांगतो. पण बघा, नकलेतून दिसतो तो तयार कान आणि जबर स्मरण. राग कळलाय का, ते त्यातून कळत नाही. नंतर मुंबईत बी. आर. देवधरांकडे काही वर्षं शिक्षण झालं, अनेक घराण्यांचं गाणं कानावर पडलं. हा भाग आपण एका वाक्यात उरकतो! आणि टीव्हीवर दहा वर्षांच्या मुलाने हुबेहूब तान घेतली की परीक्षक उभे राहतात. तीन-चार वर्षांत त्याचा आवाज फुटतो, पट्टी बदलते, गळा नव्याने बसवावा लागतो. तोवर कार्यक्रमात दुसरी मुलं आलेली असतात.