शत्रू, पाहुणा आणि नागीण

रोगासंबंधी मराठीत जे ललित व वैचारिक लेखन होते, त्याची भाषा बहुधा रणांगणाची असते. विषाणू हल्ला चढवतो, शरीर लढा देते, औषध ब्रह्मास्त्र ठरते. 2020 नंतरच्या लेखनात तर ही रणभाषा फारच बोकाळली. सुझन साँटॅग यांनी 1978 साली ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकात क्षय व कर्करोग यांच्याभोवतीच्या रूपकांची झडती घेतली होती. आमचा आक्षेप मात्र प्रथम वाङ्मयीन आहे. वस्तूला लागू न पडणारे रूपक अलंकार राहत नाही. ते असत्य होते.

युद्धाचे रूपक देवीच्या रोगास शोभले असते. तो विषाणू देहात घर करून राहत नसे. रोगी बरा झाला की विषाणूही नाहीसा होई. माणसाखेरीज त्याला अन्य थाराही नव्हता. म्हणूनच लशीच्या बळावर 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याचे निर्मूलन जाहीर करता आले. परंतु कांजिण्यांचे पाहा. फोड वाळतात, मूल शाळेत जाऊ लागते, लेखक विजयाचे वाक्य लिहितो. विषाणू मात्र कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त असतो. वार्धक्याने वा आजाराने शरीराची पकड ढिली झाली की अनेक दशकांनी तोच नागीण होऊन वर येतो. इंग्लंडातील सायरेन्सेस्टर येथील डॉक्टर होप-सिम्प्सन यांनी आपल्या रुग्णांच्या 16 वर्षांच्या नोंदींवरून 1965 साली ही उपपत्ती मांडली. नोंदवहीचे हे सामर्थ्य आम्हां कारकुनांस विशेष भावते.

‘नागीण’ हे नाव कमरेस वेढणाऱ्या पुरळाच्या आकारावरून पडले. पण बिळात दडून अवचित बाहेर येण्याचा गुणही त्यात आपसूक उतरला. तथापि चांगले रूपकही हातचे सुटते. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत त्याचीच संतती. वस्तुतः हे पुरळ बहुधा एका बाजूच्या एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात उठते आणि शरीराची मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. मग ते तोंड त्या शेपटास भेटणार कसे?

रणभाषेला कंटाळलेले काही लेखक दुसरे टोक गाठतात व विषाणूस पाहुणा म्हणतात. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. मानवी जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग पुरातन रिट्रोव्हायरसांचा अवशेष आहे, आणि त्यांतल्याच एका जनुकापासून बनणारे सिन्सिटिन हे प्रथिन गर्भाच्या वारेच्या घडणीस लागते. परंतु एपस्टाइन-बार विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या रक्तपेशींत मुकाट राहत असला, तरी काहींत तोच कर्करोगास कारण होतो. हेपटायटिस बी अनेकांचे यकृत वर्षानुवर्षे पोखरतो. असा पाहुणा कोण ठेवून घेईल? विषाणूला हेतूच नाही. वैर आणि सौजन्य दोन्ही आम्हीच त्याच्या अंगी लावतो.

हा काथ्याकूट नव्हे. त्यात माणसे गुंतलेली आहेत. एचआयव्हीवरील औषधे नियमित घेतली तर विषाणूची वाढ थांबते, पण काही पेशींत तो सुप्त उरतोच. तपासणीत तो सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही त्याचा प्रसार होत नाही. अशी व्यक्ती वर्षानुवर्षे नोकरी करते, संसार करते. रणभाषेत तिला जागा नाही, कारण ती विजयी नव्हे आणि पराभूतही नव्हे. मग लेखक तिला कथेत मारून टाकतो, नाहीतर शत्रूचे ठाणे समजून दूर ठेवतो. 2017 च्या कायद्याने अशा व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली. लेखकाच्या शब्दांवर मात्र त्याचे स्वतःचेच लक्ष हवे.

आमच्या मते मराठीपाशी योग्य शब्द आहे: नांदणे. त्यात प्रेमाची हमी नाही, भांडणाची मनाई नाही. दीर्घकाळ एका घरात राहणे तेवढे आहे. ‘सुखाने नांद’ असा आशीर्वाद वेगळा द्यावा लागतो, यातच त्या क्रियापदाचा तटस्थपणा दिसतो. विषाणू देहात नांदतो, असे लिहावे. तो कसा नांदतो, हे प्रत्येक वेळी पारखून सांगावे.